साऱ्या मुरबाडाला सांगितलं

— शी! मला काय विचारता, पादरीबाबा? त्यालाच विचारा की! शहापुरात तुमच्याच पंक्तीला बसतो ना तो? आन तुमी एवढा मुलूख तुडवत, मुरबाडावरून आमच्या वैशाखऱ्याच्या वाडीपर्यंत येता, माज्या अंगणात बसता, पाण्याचा तांब्या अजून तोंडाला लावला नाय, आन विचारता काय — त्याला पुढं दुसरीकडं सांगायला धाडायचा हाय, तर गोजराबाई, तुमच्या कोंडूनं तुमाला आमच्या देवाबद्दल कधी सांगितलं का हो? नाय सांगितलं. झालं समाधान? एक अक्षर नाय सांगितलं. बसा, बसा, उठू नका. तुमच्यावर नाय रागावले मी. म्हणजे थोडी तुमच्यावर पण हाय, पण ते ऱ्हाऊ दे. पाणी प्या. मी आपली ह्या वालाच्या शेंगा सोलत बोलते, हात मोकळा असला की माजं तोंड जास्त सुटतं.

साऱ्या मुरबाडाला सांगितलं हो त्यानं! बाजारात तेल विकतो त्या तेल्याला सांगितलं. कासाराला सांगितलं — तो कासार बांगड्या भरता भरता आमच्या शेजारच्या भागीला बोलतो कसा, तुमच्या वाडीचा कोंडू लय गोड बोलतो. गोड! मी त्याला नऊ महिने वागवला, मला ठाऊक नाय तो गोड बोलतो ते, आन कासाराला ठाऊक! सिद्धगडच्या रानात कोळसा पाडणारे कातकरी हायत, त्यांच्या भट्टीपाशी बसून त्यांना सांगितलं. उंबरमाळीला रुळांवर खडी टाकणारे गडी, त्यांना सांगितलं. भागी येते, हितं ह्याच पायरीवर टेकते, तोंडात मशेरी धरून मला सांगते — गोजरे, तुजा कोंडू आज असं बोलला, तुजा कोंडू काल तसं बोलला. माज्या पोराचं बोलणं मी त्या भागीच्या तोंडून ऐकायचं! ती अर्धं विसरते, अर्धं पदरचं घालते, आन मधेच सुनेच्या चहाड्या सांगायला लागते. किळस येते मला. पण ऐकते. काय करणार? तिला हाकलली तर तेवढं पण कानावर यायचं नाय.

आन घरी आला की हा मला काय बोलतो? ‘आई, ढवळ्या बरा हाय ना?’ बैल! बैलाचं विचारतो. ‘बरा हाय,’ मी बोलते. ‘वाल कसा आलाय?’ ‘बरा आलाय.’ झालं आमचं बोलणं. तुमी त्याला योहान नाव दिलं ते ठेवा तुमच्याजवळ, मी कोंडूच बोलते — तर हा कोंडू आधी कसा व्हता ठाऊक हाय तुमाला? नाय ठाऊक. तुमाला आयता निवळलेला मिळाला. आमच्याकडं व्हता तवा मोहाची दारू पिऊन येऊन ह्याच ढवळ्याला लाथा घालायचा. बायको मेली त्याची पहिल्या बाळंतपणात, तवापासून तर माणसात नव्हता. मी जेवायला वाढायची आन तो ताट उडवायचा. असा. आन मंग त्याच्या पायाला ते झालं.

कुऱ्हाड लागली, शेतात भाजायच्या राबाला फांद्या तोडताना. नडगीवर. साधी जखम, पण चिघळली. मी धुवायची रोज — कडुनिंबाचा पाला उकळून, चिंधीनं, सकाळी आन दिवेलागणीला. घरातली सगळी नाकाला पदर लावायची. माजे दीर, काळूराम भावजी — घर त्यांचं, मी विधवा बाई त्यांच्या आसऱ्याला — ते बोलले, हा पाय काय ऱ्हात नाय, ह्याला गाडीत घाला आन शहापुरात त्या मिशनच्या दवाखान्यात टाका. घातला. गाडीत वासानं ढवळ्या पण बुजत व्हता. लय दिवस ठेवला तुमी लोकांनी. आन परत आला तो पाय घेऊन आला, आन तुमचं पाणी डोक्यावर घेऊन आला. बाप्तिस्मा का काय ते. पण मी सांगते ऐका, पादरीबाबा — आला त्या दिवशी आधी गोठ्यात गेला. ढवळ्याच्या मानेवर हात ठेवून उभा ऱ्हायला. किती वेळ उभा ऱ्हायला. मी दारातनं बघते. म्हटलं, ह्याला काय केलं त्या लोकांनी? दारू सुटली. शिवी सुटली. माज्या पोराला आतून काय तरी झालं, आन ते काय झालं ते साऱ्या जगाला ठाऊक, मलाच तेवढं ठाऊक नाय. असं कसं? मी आई हाय का शेजारीण?

मंग गाव बसला. बसणारच. पोरगा बाटला म्हटल्यावर काय पेढे वाटतील? तो तवा पुन्हा शहापुरालाच गेला व्हता, तुमच्याकडं. देवीच्या देवळापुढं समदे बसले, बायका लांब चिंचेखाली. बोलले, काळूराम, तुज्या घराला वाळीत टाकू. लावणीला कोणाचा हात मिळायचा नाय, चुलीला विस्तव मिळायचा नाय, मेलात तर खांदा मिळायचा नाय. भावजींनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. तुमाला आमची लावणी ठाऊक नसल — एकमेकांच्या शेतात हाताला हात लावल्याशिवाय चिखलात भात उभा ऱ्हात नाय. एकट्याचं काम नव्हं ते. तर शेवटी म्हाताऱ्या बारकूनं तोड काढली. बोलला, पोरगा येऊ दे, जाऊ दे, आई हाय त्याची, तिला तोडता यायची नाय. पण त्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्या परक्या देवाचं नाव निघता कामा नये. भंडार उचल. आन भावजींनी देवीपुढचा बेल-भंडार उचलला. मोठ्यानं बोलले — माज्या उंबऱ्याच्या आत ते नाव निघणार नाय, निघालं तर माज्या घरावर येऊ दे. मी आपली चिंचेखाली उभी. बायकांना कोण विचारतं?

आता मी भंडार खोटा पाडायची नाय, हे आधीच सांगते. हसू नका. त्या घरात भावजींची नातवंडं निजतात. तुमचा देव काय करल मला ठाऊक नाय, पण आमची देवी काय करल ते मी बघितलंय. पण, पादरीबाबा — पण उंबऱ्याच्या आत बोलले ना ते? आत! मी घरी येऊन चुलीपुढं बसले आन विचार केला. आत म्हणजे आत. मंग अंगण काय आत हाय? अंगण बाहेर हाय. अंगणात देवीचं काय जात नाय, भावजींचं काय जात नाय. म्हटलं, गोजरे, हितं जमलं तुजं. तवापासून कोंडू आला का मी त्याला आत नेतच नाय. हितं, तुमी बसलात ना, हितंच घोंगडी टाकते. हितंच त्याला वाढते. घरातल्यांना कायबाय काम काढून धाडते — एकाला पाण्याला, एकाला रानात. मला वाटलं, तो समजल. घरात कोण नाय, आई समोर बसलीय, उंबऱ्याच्या बाहेर बसलीय, आन काय पायजे? बोल की! तर हा मान खाली घालून जेवतो. गपागपा. जेवला की उठतो, आपलं ताट आपण धुतो. राख घेऊन घासतो. चांगलं दोनदा पाणी फिरवतो आन तितं कुंपणापाशी पालथं घालतो. माज्या हातात देत नाय! मी हात पुढं केला तर मागं सरतो. आईच्या हाताची किळस यायला लागली, बघा. तुमच्या त्या साबणाच्या हातांच्या बायका बघितल्या ना त्यानं शहापुरात, मंग ह्या शेणाच्या हाताची आई कशी चालल? थू! असला कसला तुमचा देव, माणसाला आईचा हात घाण वाटायला लावतो?

हां, सांगा, बोला तुमी. नाय? नुसता तांब्या काय फिरवताय?

मी सोडलं नाय तरी. मी पण त्याचीच आई. एकदा त्याला पोचवायला निघाले, माळशेजच्या सडकेपर्यंत. वाटेत कोण नाय. म्हटलं, कसं चाललंय तिकडं? ‘बरं चाललंय.’ लोकांना काय काय सांगता रे? ‘असंच.’ असंच! तेल्याला तासभर सांगतो ते असंच असतं काय? मी बोलले, भागी सांगत व्हती, तू लय चांगलं बोलतोस. तर तो माज्याकडं बघायला लागला. ओठ हलले त्याचे. मी पण थांबले. म्हटलं, आला आता. आन तो बोलतो, ‘आई, तू माघारी जा. कोणी बघल.’ कोणी बघल! लाज वाटती तुला माजी, असं ओठावर आलं माज्या. पण गिळलं. सडकेवर उभी ऱ्हाऊन त्याच्या पाठीकडं बघत ऱ्हायले. ह्याच्या पलीकडं आईनं काय करायचं? पदर पसरायचा त्याच्यापुढं, का मला पण सांग रे बाबा म्हणून? तेवढं मी करायची नाय. तेल्यानं पसरला व्हता पदर? त्याला न मागता मिळालं.

मंग ह्या पौषात म्हशाच्या जत्रेला गेले. भावजींना सांगितलं, घोंगडी घ्यायची. खोटं. घोंगडी घरात पडलीय. भागीनं सांगितलं व्हतं, तुमची मंडळी जत्रेत उभी ऱ्हाणार म्हणून. बैलांचा बाजार संपतो आन घोंगड्यांची पालं लागतात ना, त्याच्या मधे तुमी उभे. तुमी पण व्हतात, मी बघितलं तुमाला, ती पेटी वाजवत व्हतात. बरी वाजवत नव्हतात. लढाईपायी आमाला दिव्याला रॉकेल मिळत नाय आन तुमी भर संध्याकाळी बत्ती लावून उभे, लोक त्या बत्तीवरच जास्त बोलत व्हते. मी एका घोंगडीवाल्याच्या पालामागं दडले. आन कोंडू खोक्यावर चढला. काय सांगू तुमाला. माजा कोंडू! शब्द सापडला नाय की लाथ घालणारा माजा कोंडू, तो बोलत व्हता. हळू बोलत व्हता, आन बैल विकणारी माणसं कासरा हातात धरून ऐकत उभी. पायाचं सांगत व्हता. बोलला, माज्या पायाला किडे पडले व्हते. मला माजी मलाच किळस येत व्हती. आन तितं दवाखान्यात एक बाई आली, तिनं नाक मुरडलं नाय, तिनं माजा पाय मांडीवर घेऊन धुतला. मी तिला विचारलं, तुला घाण नाय वाटत? तर ती बोलली, माज्या देवाला कधीच कोणाची घाण वाटली नाय, मंग मला कशी वाटल? असं सांगत व्हता.

मला राग आला. येणारच ना? मी धुतला नाय? उकळलेल्या पाल्यानं, रोज? माजी मांडी नव्हती? ती कोण कुठली बाई आली, तिनं चार दिवस धुतला आन देव झाली, आन आई? आईचं नाव नाय! मला असा संताप आला का वाटलं खोक्यावरून ओढावा त्याला. पण — पण पाय निघत नव्हता माजा. तुमाला म्हणून सांगते. घाण न वाटणारा देव. असला देव मी नव्हता ऐकला कधी. आमच्या देवीला विटाळ लागतो, सोयर लागतं, सुतक लागतं, मी विधवा म्हणून तिची ओटी भरू शकत नाय. म्हटलं, पुढं? पुढं काय म्हणतो हा? मी पालामागनं जरा पुढं सरकले. आन त्यानं बघितलं मला.

गप्प. एका क्षणात गप्प. तोंड उघडं ते उघडंच, मंग मिटलं. हातातलं पुस्तक मिटलं. खोक्यावरून खाली उतरला आन पाठ केली. तुमीच घाईघाईनं ती पेटी वाजवायला लागलात, आठवतंय ना? हां. तर हे असं. बैल विकणाऱ्यांना चालतं, कासाराला चालतं, आई दिसली का वाचा बसते! फाटक्या लुगड्यातली आई. तुमच्यासमोर, त्या बत्तीच्या उजेडात. मी घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नाय. बैलगाडीत भागी विचारती, घोंगडी कुठाय गो? मी बोलले, पसंत नाय पडली. आन तवापासून, पादरीबाबा, मला त्याची किळस आली. खरी किळस. माज्या पोटच्या पोराची. शिष्य म्हणता ना तुमी त्याला? ठेवा तो शिष्य. दुनियेला वाटत सुटायचं आन आईच्या दारात येऊन बैल बरा हाय का विचारायचं, ह्याला शिष्य म्हणत असतील तर मला तुमचा देव पण नको आन तुमी पण —

काय?

काय बोललात? पुन्हा बोला. नाय, शेंगा ऱ्हाऊ द्या, मी ऐकते. बोला.

... 

तो असं बोलला? तुमाला बोलला? कधी? — आईनं मला उंबऱ्याच्या आत घ्यायचं सोडलं, असं बोलला? बाटलो म्हणून? आन ताट — विटाळ मला व्हईल म्हणून तो धुतो? माजा हात लागू नये म्हणून नाय, त्याचा मला लागू नये म्हणून? अरे देवा. भावजींनी भंडार उचलला एवढंच कोणी तरी त्याच्या कानावर घातलं, आन काय बोलून उचलला ते नाय घातलं. त्याला वाटलं त्यालाच आत घेऊ नये म्हणून उचलला! आन मी आपली अंगणात घोंगडी टाकून बसतेय, बोल रे बोल रे म्हणून, आन तो पोरगा बाहेर टाकलेल्या माणसासारखा मान खाली घालून जेवतोय माज्यासमोर. माज्या हातचं. गपागपा. मी म्हणते गपागपा जेवतो — त्याच्या घशाखाली उतरत नसल ते!

आन जत्रेत? जत्रेत का गप्प बसला मंग? ... मला लोक ओळखतील म्हणून? बाटग्याची आई म्हणून बोट दाखवतील, घराला पुन्हा वाळीत टाकायला निघतील म्हणून? सडकेवर पण तेच — कोणी बघल म्हणजे मला कोणी बघल?

शी! शी शी शी! काय ही आई आन काय हा लेक! दोन तोंडं देवानं दिली आन दोन्ही मुकी. साऱ्या मुरबाडाला सांगणारा हा, आन एवढं विचारता आलं नाय का आई मला आत का घेत नाय गो? आन मी, भागीवर तोंड सोडणारी मी, मला नाय सांगता आलं का मेल्या, तुज्यासाठी बसलेय हितं? नाय, रडत नाय मी. वालाच्या शेंगेचा चीक गेला डोळ्यात. बघू नका.

तुमी बोलणार हाय काय? काय ते पुस्तक काढताय? नाय. नाय, थांबा. ठेवा ते पिशवीत. तुमी सांगू नका मला. चांगलं सांगाल, मला ठाऊक हाय, तुमचं कामच ते. पण तुमी सांगायला बसलात आन मला ते पटलंबिटलं, तर मंग तो येईल तवा त्याला सांगायला काय उरलं? त्या खोक्यावर तो जितं थांबला ना, तितूनच मला पुढचं पायजे. त्याच्याच तोंडून. मला पटल का नाय ते मी सांगत नाय आता. नाय पटलं तर तोंडावर सांगेन त्याला, भांडेन सुद्धा. त्या बाईवरून तर भांडणारच हाय. पण आधी तो येऊ दे. तुमी मला विचारायला आलात ना, हा पोरगा पुढं दुसरीकडं धाडायच्या लायकीचा हाय का म्हणून? नाय. अजून नाय. अजून त्याचं एक घर ऱ्हायलंय. जाऊन सांगा त्याला तसं. बाकीचं, उंबऱ्याचं, भंडाराचं, ते मी सांगेन. माजं मी सांगेन, त्याचं तो सांगल, तुमी मधे —

थांबा. बांधावर कोण हाय ते? भावजी. भावजीच. लवकर कसे आले आज? उठा. उठा हो पटकन, ती पिशवी घ्या. — अहो ऐकू नाय येत काय तुमाला? आमच्या घरात तुमच्या देवाचं नाव नको म्हणून सांगितलं ना! एकदा सांगून कळत नाय? गोड बोललं का डोक्यावरच बसतात ही माणसं! — हळू सांगते, बाजाराच्या दिवशी धाडा त्याला. भावजी दिवसभर मुरबाडात असतात, पोरंसोरं पण जातात. ऐकलं ना? बाजाराच्या दिवशी. मान हलवू नका, ते बघतायत. — निघा म्हटलं! किळस आली तुमची! आन त्या कोंड्याला पण सांगा, मी त्याचं तोंड — भावजी, बघा ना, केव्हाची हाकलतेय, हलतच नाय हा माणूस. निघा!